शेवटी वाळणारी रेघ

कलावंत जातो, त्याचं काम मात्र थांबत नाही. किसनभाऊंच्या शोकसभेत हे वाक्य तीन वक्त्यांनी उच्चारलं, त्यातल्या दोघांनी डोळे मिटून. वाक्य चांगलं आहे आणि बहुतेक कलावंतांच्या बाबतीत खपूनही जातं. किसनभाऊंच्या बाबतीत अडचण एवढीच, की ज्या कामामुळे त्यांचं नाव मावळाबाहेर पोचलं, ते काम ते जाण्याच्या अकरा वर्षं आधीच थांबलेलं होतं. ते ज्या शेडमध्ये थांबलं होतं तिच्यापासून शंभर पावलांवर मांडव घालून ही सभा चालली होती. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पांढरी कापडं घातली होती. मी तिसऱ्या रांगेत, बिनकापडाच्या खुर्चीवर. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. तो बसला नव्हता.

बातमी आली तेव्हा मी वलवणला घराजवळच्या दुकानात गॅसच्या शेगडीचा बर्नर घेत होतो. फोनवर त्यांची मुलगी होती. "सर, मंगल बोलतेय. आबा गेले सकाळी." मी विचारलं, कधी? ती म्हणाली, सकाळी. मी विचारलं, सकाळी किती वाजता? ती म्हणाली, सव्वासहाला. ही वेळ घेऊन मी काय करणार होतो, मला माहीत नाही. दुकानदार म्हणाला, काका, बसतोय का बघा, नाहीतर बदलून देतो. मी घरी गेलो, बर्नर बसवला. बसला. मग स्टेशनवर जाऊन लोकल पकडली, कामशेतला उतरून पवनानगरच्या रस्त्याची जीप धरली आणि बेडशाच्या फाट्यावर उतरलो. या सगळ्यात मला काहीही वाटलं नाही. अजूनही फारसं वाटत नाही. वाटेल तेव्हा लिहावं म्हणून इतके दिवस थांबलो होतो; पण ते काही वाटायला येत नाही असं दिसल्यावर लिहायला बसलो.

आमची ओळख बावीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा लोणावळ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. संस्थेला संस्थापकांचा दगडी अर्धपुतळा बसवायचा होता, आणि ग्रंथपालाला काम नसतं असा सार्वत्रिक समज असल्यामुळे पुतळा समितीत माझं नाव होतं. प्राचार्य, दोन विश्वस्त आणि मी असे जीपने बेडशाच्या लेण्यांच्या पायथ्याच्या त्या वस्तीवर गेलो. पत्र्याची शेड, तीन बाजू उघड्या, आत-बाहेर पांढरट धूळ, आणि मधोमध एका काळ्या दगडासमोर उकिडवा बसलेला पन्नाशीचा माणूस. शेजारी रिकामी बादली. दगड नुकताच ओला केलेला. प्राचार्यांनी आम्ही कोण ते पदांसकट सांगितलं. तो माणूस मान न वळवता म्हणाला, "या की. बसा, ह्यो वाळूस्तवर." बसायला काही नव्हतं. दोन्ही विश्वस्त अर्धा तास उभे राहून एक दगड वाळताना बघत होते. संस्थेच्या कारभारात त्यांनी इतकं लक्ष कधी घातल्याचं मला आठवत नाही.

दगड वाळल्यावर किसनभाऊ उठले, हात झटकले आणि संस्थापकांचा फोटो मागितला. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यांना हसू येत न्हवतं का कदी?" प्राचार्य म्हणाले, ते फार करारी होते. किसनभाऊंना बरं वाटलेलं दिसलं. "करारी मानूस दगडाला सोपा. हसरं त्वांड लय येळ खातं." पुतळा वेळेत झाला, तो आजही फाटकाशी आहे आणि करारी आहे.

मी मात्र त्यानंतर बेडशाला जात राहिलो. सुरुवातीला पुतळ्याचं निमित्त होतं, मग निमित्त संपलं तरी जात होतो. रविवारी सकाळी जायचं, त्यांच्या शेडमध्ये एका अर्धवट पाट्यावर बसायचं, कोरा चहा प्यायचा. आमच्यात फार बोलणं होत नसे. छिन्नीच्या आवाजात बोलता येत नाही, आणि छिन्नी थांबली की ते दगडाकडे बघत बसत. त्यांची कामाची एक पद्धत होती, ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुठलाही दगड हाती घेण्याआधी आणि घेतल्यावरही दर चार-आठ दिवसांनी ते त्यावर बादलीभर पाणी ओतत आणि तो वाळेपर्यंत समोर बसत. दगड सगळा एकदम वाळत नाही. वरचा भाग आधी, मग कडा, मग पोट. आत कुठे चीर असेल तर पाणी तिच्यात मुरतं, आणि सगळा दगड कोरडा झाला तरी तेवढी एक काळी रेघ ओली राहते. डोळ्याला एरवी न दिसणारी, केसाएवढी. पाणी ओतून नजर ठेवणं एवढंच. "दगड बोलतो म्हंत्यात लोक," ते एकदा म्हणाले. "आपल्याशी न्हाई बोलला बा कदी. वाळतो मातर."

त्यांचा जन्म याच वस्तीतला. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी घरातले देव पवनेत सोडले आणि धम्म घेतला, तेव्हा किसनभाऊ चार वर्षांचे होते. पुढे खडी फोडण्यापासून सुरुवात करून, एका वडार मिस्त्रीच्या हाताखाली पाटे-वरवंटे आणि जाती टाकवत टाकवत ते मूर्तीपर्यंत पोचले. म्हणजे बापाने देव नदीत सोडले आणि मुलाने आयुष्यभर देव घडवले. मारुती, नंदी, गणपती, म्हसोबा, खंडोबा. मावळातल्या निम्म्याशिम्म्या गावांच्या देवळांत त्यांच्या हातचं काहीतरी आहे. वडिलांना याचं काय वाटायचं, असं मी विचारलं होतं. "आप्पा म्हनायचे, आपुन सोडलं त्येच लोकांना करून देतूस व्हय रं? मी म्हनायचो, त्यांनी कुटं सोडलंय?"

गिऱ्हाईक बहुतेक जमीनदार शेतकरी घरातलं. ते मानाने यायचे, किसनभाऊ म्हणायचे, चहा घ्यायचे. काही जुने लोक चहा सोडून बाकी सगळं घ्यायचे. एका गावी मारुतीच्या प्राणप्रतिष्ठेला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, लोक आता सुधारले आहेत. होम झाला, आमदार आले, नारळ फुटले. मूर्ती गाभाऱ्यात गेल्यावर किसनभाऊ सहज उंबऱ्याशी जाऊन बघायला लागले, तेव्हा पुजाऱ्याच्या मदतनिसाने त्यांना हाताने मागे सारलं. "भाऊ, आता लांबूनच." किसनभाऊ मागे आले.  परत येताना जीपमध्ये म्हणाले, "साडेतीन म्हैनं त्याच्या छाताडावर मीच बसलेलो की वो." आणि हसले. मीही हसलो. हसणं हा त्या वेळी सगळ्यात स्वस्त मार्ग होता.

पण त्या धंद्यातून त्यांनी एक गोष्ट मनापासून घेतली होती, ती म्हणजे भंगलेली मूर्ती चालत नाही. देवळाचा हा कायदा पुजाऱ्यांपेक्षा ते कडक पाळत. एका पाटलांचा नंदी पावणेपाच महिने चालला होता. शिंगं झाली, गळ्यातली घुंगरं झाली, डोळे राहिले होते. पाटील बघायला आले त्या सकाळी किसनभाऊंनी पाणी ओतलं आणि वशिंडाखाली रेघ राहिली. पाटील चष्मा लावून वाकले. म्हणाले, "मला तर काही दिसत नाही, किसनराव. गावालाही दिसणार नाही. न्या गाडीत." किसनभाऊंनी मोठा हातोडा उचलला आणि नंदीची मान उडवली. पाटलांच्या पायाशी येऊन पडली ती. "आता दिसलं?" एवढंच बोलले. दुसरा नंदी त्यांनी करून दिला. ही गोष्ट पाटील स्वतःच सगळीकडे सांगत फिरले आणि किसनभाऊंच्या दगडाला चीर नसते हे मावळात ठरून गेलं. त्या नावावर ते जगले. त्यांच्याकडे दुसरं काही जमवलेलं नव्हतं.

वस्तीवर तेव्हा विहार म्हणजे पत्र्याची एक खोली होती. आत बुद्धाची एक लहान प्लास्टरची मूर्ती, रंग उडालेली. दगडी मूर्ती कर असं वस्तीने किसनभाऊंना सांगितलं नव्हतं; एक दिवस वरच्या अंगाला विहिरीच्या खोदकामात मोठा काळा दगड निघाला, तो त्यांनी ओढून आणवला आणि मला म्हणाले, "ह्यो हितला. आपल्या विहाराला." चार माणसांच्या कवेत मावला नसता एवढा दगड. खणखणीत वाजत होता. पाणी ओतून ओतून त्यांनी तो महिनाभर पाहिला. मग मागून सुरुवात केली. पाठ आधी, मग मांडी, मग चीवराच्या चुण्या, मग हात. गिऱ्हाइकाची कामं सांभाळून तीन वर्षं. हात झाले त्या रविवारी मी होतो. मांडीवर एकात एक ठेवलेले दोन तळवे, आणि त्यांत काहीही नाही. मला मूर्तींचं फार कौतुक नसतं, पण त्या हातांकडे बघत मी चहा थंड केला. बोटांची पेरं शेतात काम करणाऱ्या माणसाची होती. "कुणाचे?" मी विचारलं. "आयचे," ते म्हणाले.

राहिला चेहरा. तो जागेवर होता, पण दगडाच्या आत. डोक्याचा गोल, कानांची लांबट जागा, आणि समोर सपाट, खडबडीत काळं. पुढच्या रविवारी काम सुरू झालं नव्हतं. त्याच्या पुढच्याही. महिना गेला, पावसाळा गेला. किसनभाऊ म्हसोबा करत होते, समाधीच्या फरश्या करत होते, बुद्धाकडे फिरकत नव्हते. कुणी विचारलं तर म्हणत, "बगू."

इथे मी यायला हवा, कारण पुढची चूक माझी आहे. मला आयुष्यभर भव्य वाक्यांची थट्टा करायची सवय. त्या वर्षी एका पुरवणीने मावळातल्या कारागिरांवर लेख मागितला आणि मी किसनभाऊंवर लिहिला. त्यात मी असं लिहिलं की हा शिल्पकार चेहऱ्याची वाट बघत आहे. जोवर आतली शांती त्याच्या हातात उतरत नाही तोवर तो छिन्नी उचलणार नाही. वर डोंगरातल्या बेडशाच्या लेण्यात तरी बुद्धाचा चेहरा कुठे आहे? तिथे स्तूप आहे. दोन हजार वर्षं या डोंगराने चेहऱ्यावाचून काढली... वगैरे. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. कारण मला सुचलं ते इतकं छान दिसत होतं, की विचारून बिघडवायची इच्छा झाली नाही.

लेख लोकांना आवडला. मंगलने तो त्यांना वाचून दाखवला. ती तळेगावला एका कंपनीच्या कार्यालयात नोकरी करते आणि बापाच्या नावाचं छापील काहीही जपून ठेवते. किसनभाऊ ऐकून म्हणाले, "बरं लिवलंय." मग लोक यायला लागले. शाळांच्या सहली आल्या. पुण्याहून ध्यानाची शिबिरं भरवणारे एक गृहस्थ गाडीभर माणसं घेऊन आले आणि त्या सपाट दगडासमोर सगळी वीस मिनिटं डोळे मिटून बसली. किसनभाऊ शेजारी समाधीच्या फरशीवर ग्राइंडर चालवत होते. त्यांना हाताने थांबवण्यात आलं. जाताना गृहस्थ त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, घाई करू नका. "न्हाई करत," किसनभाऊ म्हणाले.

दीडेक वर्षाने, हिवाळ्यातल्या एका रविवारी, मी शेडमध्ये शिरलो तेव्हा ते बुद्धासमोर बसलेले होते आणि दगड ओला होता. मला त्यांनी हाताने शेजारी बस म्हणून खुणावलं. आम्ही बसलो. खांदे वाळले, मांडी वाळली, आईचे हात वाळले. ऊन शेडच्या आत आलं. आणि डाव्या कानाच्या मागून निघून, गळ्यावरून उतरून, छातीवरच्या चीवराच्या दुसऱ्या चुणीपर्यंत एक रेघ राहिली. बोटाने काढावी तशी.

"हात झाल्यावर दिसली," ते म्हणाले. "आदी न्हवती. का असंल आतमदी, काय सांगावं. त्वांडाला छिन्नी लावली का मुंडकं खाली."

मी म्हणालो, "मग सांगायचं ना लोकांना."

"तुमी लिवलंय न्हवं?"

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले, जसं एखादा सांगेल की गाडी गेली. मी काहीतरी बोललो. खुलासा लिहितो, असं काहीतरी. त्यांनी मान हलवली. खरी गोष्ट लेखाची नव्हतीच, ती त्यांनी मग सांगितली. "त्या सगळ्या देवळांना मी अख्खा दगड दिला, सर. एकाला चिरलेला न्हाई दिला. पाटलाचा नंदी फोडला. आन आपल्या विहाराला फुटका बशिवला, तर लोक काय म्हंतील? दुसऱ्याला अख्खा, आपल्याला फुटका?" मग म्हणाले, "तुमी मनात ठिवा. दुसरा गावला का ह्यो फोडून टाकीन."

दुसरा दगड सापडला नाही. म्हणजे दगड पुष्कळ होते, मावळात दगडाला तोटा नाही; पण एवढा मोठा, तसा वाजणारा आणि इथला असा त्यांना मिळाला नाही. पुढच्या दोन-चार वर्षांत त्यांचे गुडघे गेले, मग दम लागायला लागला. आयुष्यभर नाकातोंडात गेलेली धूळ डॉक्टरांनी छातीच्या फोटोत दाखवली. किसनभाऊंनी तो फोटो उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि विचारलं, "चीर न्हाई ना?" डॉक्टरांना हसू आलं नाही, कारण त्यांना कळलं नाही. मला कळलं होतं, पण मीही हसलो नाही. ते रोज सकाळी काठी टेकत शेडमध्ये जात, मंगलने नोकरीवर जाण्याआधी भरून ठेवलेली बादली बुद्धावर ओतत, आणि बसत. काम नव्हतंच आता. पण हे सुटलं नाही. मला वाटतं, चीर बुजेल अशी त्यांना आशा नव्हती. ते फक्त खात्री करून घेत होते की ती आहे.

शेवटची भेट तळेगावच्या दवाखान्यात. नाकाला नळी होती. बोलताना दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. मी लोणावळ्यातल्या गर्दीबद्दल काहीतरी सांगत होतो. त्यांनी मधेच माझा हात धरला. हात अजून कडक होता. "त्वांड... कुनाला करू द्यू नका." मी बरं म्हणालो. "फुटंल," ते म्हणाले. मी पुन्हा बरं म्हणालो. मग नर्स आली आणि भेटीची वेळ संपल्याचं म्हणाली. त्यानंतर चार दिवसांनी मी बर्नर घेत होतो.

पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशीच शोकसभाही उरकण्यात आली. तिसऱ्या वक्त्याने, म्हणजे डोळे न मिटलेल्या, एक घोषणा केली. कलावंताचं अपुरं राहिलेलं स्वप्न आपण पूर्ण करू. बाहेरून एक नामवंत शिल्पकार आणू, मशीनने पंधरा दिवसांत चेहरा होईल, आणि मोठा अनावरण सोहळा करू. टाळ्या पडल्या. मंगलने वळून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिला चीर माहीत नव्हती, पण बापाने मला काहीतरी सांगून ठेवलंय एवढं तिने ओळखलं असावं. मी चपलांकडे बघत होतो.

रविवारी विहारात वस्तीची बैठक होती. विहार आता पक्का आहे. पाच वर्षांपूर्वी बांधला, फरशी, पंखे, सगळं. तिथे ठराव व्हायचा होता. मी आदल्या दिवशी दोनदा मंगलला फोन लावला आणि दोन्ही वेळा वाजायच्या आत बंद केला. दोन गोष्टी एकदम पाळता येत नव्हत्या. चेहरा कुणाला करू द्यायचा नाही, तर कारण सांगावं लागणार. आणि कारण सांगितलं, तर ज्या नावावर हा माणूस जगला ते नाव त्याच्याच वस्तीत, त्याच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी मी उतरवणार. वर, लेख मीच लिहिला होता हे सगळ्यांना ठाऊक.

बैठकीला पंचवीस-तीस माणसं होती. बायका एका बाजूला. अध्यक्षांनी ठराव वाचला. मी उठलो आणि बसलेल्या घशाचा बहाणा यावेळी न करता सगळं सांगितलं. रेघ, कान, गळा, आई, अख्खा आणि फुटका. मी लिहिलं ते खोटं होतं हेही. बोलून झाल्यावर मी खाली बसलो. पंखा फिरत होता. मला वाटलं, झालं.

बायकांतून गऊमावशी बोलल्या. किसनभाऊंच्या शेजारच्या घरात राहतात, ऐंशीच्या पुढे आहेत, शेडसमोरच्या नळावर पाणी भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "चिरलाय, व्हय. आमाला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे, मावशी?"

"कानाच्या मागनं हितपत्तुर." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ओढून दाखवलं. अगदी बरोबर दुसऱ्या चुणीपर्यंत. "रोज बादली वतायचा आन तितंच बगत बसायचा. आमी नळावर असतो का न्हाई? आमी काय आंधळ्या हाव?"

मी बाकीच्यांकडे पाहिलं. अध्यक्ष कागदाची घडी करत होते. एक तरुण म्हणाला, "सर, सगळ्यांनाच माहीत होतं. आता मशीनचं ते पाहुणे बोलले, त्यांना मांडवात कसं सांगायचं म्हणून गप्प बसलो. इथं हाणून पाडायचंच होतं."

मंगल उठून उभी राहिली होती. तिचा आवाज फाटला. "मग आबांना कुणी बोललं का नाही? अकरा वर्षं?"

"त्यानं कुटं इचारलं?" गऊमावशी म्हणाल्या. "त्याला वाटायचं आमाला कळू न्हाई. मंग आमी न्हाई कळू दिलं."

"पण ते फुटकी म्हणून देत नव्हते, मावशी," मंगल म्हणाली. "विहारात चालणार नाही म्हणून."

"आगं, चालत न्हाई त्ये देवळात. आपल्यात कवा काय परान भरत्यात? हितं काय देव बशिवतूय का?" त्या मंगलकडे बघत होत्या, पण आवाज थोडा चढला होता. "त्याच्या आयचं हात हायेत तितं. मी वळाकते. तेवढ्यासाटी तरी द्यायचा व्हता येड्यानं."

एवढंच. मला तिथे बसल्या बसल्या ते लक्षात आलं, आणि इतकं सरळ होतं की इतक्या वर्षांत माझ्या शिकलेल्या डोक्यात ते एकदाही आलं नव्हतं. भंगलेली मूर्ती चालत नाही, हा कायदा ज्यांचा होता त्यांनीच किसनभाऊंना उंबऱ्यावरून मागे सारलं होतं. किसनभाऊ मागे आले, पण येताना तो कायदा घेऊन आले, आणि जिथे तो नव्हताच तिथे एकट्याने पाळत बसले. त्यांनी एका शब्दाने विचारलं असतं तर वस्तीने त्याच दिवशी तो दगड उचलून नेला असता. त्यांनी मला सांगितलं. मी, मूर्तीच्या बाबतीत आपण सगळं वाचलेलं आहे असं समजणारा माणूस, बरं म्हणालो आणि मनात ठेवलं.

ठराव बदलून लिहिला गेला. चेहऱ्याला कुणी हात लावायचा नाही. आहे तशी, चिरेसकट, मूर्ती विहारात आणायची. अध्यक्षांनी 'चिरेसकट' हा शब्द लिहावा का, असं विचारलं. मंगल म्हणाली, लिहा. सोहळा करायचा नाही यावर एकमत झालं. त्याचं एक कारण असं, की नामवंत पाहुण्यांना आता काय सांगायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

शेड रिकामी करायला पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे जमलो. छिन्न्या मंगलने एका गोणपाटात बांधल्या. त्यांची बसायची जागा, म्हणजे बुद्धासमोरचा तेवढा तुकडा, धुळीतसुद्धा गुळगुळीत झाला होता. मी तिथे बसून पाहिलं. बसल्यावर नजर बरोबर डाव्या कानाशी जाते. कामशेतहून हायड्रा आला, क्रेनचे पट्टे लावले. मूर्ती उचलली जाताना गऊमावशींनी फक्त त्या हातांवरून एकदा पदर फिरवला आणि बाजूला झाल्या. मला वाटलं, आता काहीतरी वाटेल. मी थोडा थांबलोदेखील.

हायड्रा विहाराच्या दारापर्यंत गेला आणि थांबला. बुद्धाची मांडी दारापेक्षा वीतभर रुंद आहे. पाच वर्षांपूर्वी दार बसवताना मूर्ती कुणी मोजली नव्हती, कारण ती कधी येईल असं मनातून कुणालाच वाटत नव्हतं. चौकट काढून भिंत फोडावी लागेल. गवंडी मंगळवारी येतो म्हणाला आहे. त्याला आता तीन मंगळवार झाले.